जी कॉर्ड पाच तऱ्हांनी: काही महिन्यांच्या वापरानंतर

गिटारवर नवशिक्यांचं घोडं एफ कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर) पेंड खातं म्हणतात. माझं तर जीलाच खात होतं. सातपूरला मशीनवर काम करून बोटं जाडजूड झालेली, त्यात गिटार घेतली डिसेंबरात. नाशिकच्या थंडीत सकाळी करंगळी वळतच नाही! आता पावसाळा सरत आलाय आणि जीच्या सगळ्या तऱ्हा हातून गेल्यात.

क्लासला पहिल्यांदा शिकवतात ती नेहमीची: सहाव्या (सगळ्यात वरच्या, जाड) तारेवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या तिसऱ्या घरात) मधलं बोट, पाचवीवर दुसऱ्या फ्रेटला तर्जनी, पहिलीवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका, बाकीच्या तारा मोकळ्या. नुसती जी वाजवायला झकास. पण पुढे सी आली की तिन्ही बोटं उचलून नव्याने मांडा, तोवर गाणारा पुढच्या ओळीवर.

म्हणून मी जागा त्याच ठेवून बोटं बदलली. सहावीवर अनामिका, पाचवीवर मधलं, पहिलीवर करंगळी. आता सीला जाताना अनामिका आणि मधलं बोट जोडीनेच एकेक तार खाली सरकतात, आणि रिकामी तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर बसते. करंगळी बरेच दिवस रुसते, पहिली तार खरखरते. अंगठा मानेच्या मागे थोडा खाली घेतला की ती आपोआप लांब पोचते. माझी रोजची जी हीच.

चार बोटांची जी दिसायला भारदस्त. यात मधलं बोट आणि तर्जनी पहिल्या प्रकारासारखीच, शिवाय दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका, पहिलीवर करंगळी. डीला जाताना अनामिका हलवावीच लागत नाही, आणि साध्या सीऐवजी सीॲड९ (सीमध्ये डीचा सूर मिसळलेली कॉर्ड) चालत असेल तर करंगळीही जागच्या जागी. मात्र हिच्यात एक गोम आहे. पेटीवाल्यांच्या भाषेत, जीला सा धरला तर बी हा शुद्ध गंधार आणि डी पंचम. साध्या जीत गंधार दोनदा येतो, पाचव्या तारेवर आणि मोकळ्या दुसरीवर. चार बोटांत दुसरीवर पंचम येतो, गंधार उरतो फक्त पाचवीवर. माझ्यासारखं जाड बोट सहावीवरून कलून पाचवीला टेकलं की तोही गेला. मग नुसते सा आणि प, कॉर्ड मेजर (शुद्ध गंधाराची) की मायनर (कोमल गंधाराची) तेच कळेना. साध्या जीत हीच पाचवी दबली तरी फारसं बिघडत नाही, उलट खर्जातला गोंगाट कमी होतो.

लहान मुलांना थेट एका बोटाची जी द्यावी: पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट, आणि छेडायच्या फक्त खालच्या चार तारा. डी, जी, बी, जी. तिन्ही सूर हजर, खर्ज नाही एवढंच.

बारची जी, म्हणजे तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायची ती, तिसऱ्या फ्रेटवर येते, त्यामुळे पहिल्या फ्रेटवरच्या एफपेक्षा हाताला जरा हलकी जाते. पण नवशिक्याला तिची घाई नको. बोटं फारच दुखत असतील तर तारा बाराऐवजी अकरा गेजच्या, म्हणजे जरा बारीक, घाला, फरक त्याच दिवशी जाणवतो.

आमच्या सोसायटीच्या भजनात गाणाऱ्या काकूंना जी खाली पडते. दुसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो, बोटं जीचीच ठेवतो, वाजते ए.