कोश चांगला, पण ‘डॉग’ अर्धाच

इंग्रजी-मराठी कोश हातात आला की मी आधी ‘डॉग’ काढतो. ‘कुत्रा, श्वान’ एवढं लिहून जो पुढच्या शब्दाकडे वळतो, तो तिथंच परत ठेवायचा. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवण्यात माझी हयात गेली आणि हा प्राणी वर्कशॉपमध्ये दिवसभर आमच्या हाताखाली असायचा, म्हणून ही खोड.

हा कोश नातीसाठी घेतला. बडोद्यात, अगदी आमच्या मराठी वस्तीच्या दांडिया बाजारातही, इंग्रजी-गुजराती कोश मागितला की समोर येतो, मराठीसाठी सांगून ठेवावं लागतं. (याच गावात सयाजीराव महाराजांनी 1931 साली कारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भाषांत प्रतिशब्द देणारा कोश छापून घेतला होता. असो.) किंमत 450 रुपये. बांधणी भक्कम, टेबलावर उघडा ठेवला तर उघडाच राहतो. टाइप मात्र इतका बारीक की मला भिंग लागतं.

‘डॉग’ला पाऊण कॉलम दिलाय, ही जमेची बाजू. क्रियापद आहे: पिच्छा पुरवणे. ‘अंडरडॉग’ला नुसतं ‘दुबळा’ म्हणून भागवलेलं नाही, ‘ज्याच्या जिंकण्याची कुणालाच आशा नाही असा’ लिहिलंय. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणाऱ्याला लगेच पटेल. ‘डॉग इन द मेंजर’ला इसापाची गव्हाणीतल्या कुत्र्याची गोष्ट दोन ओळींत आहे, ‘गो टू द डॉग्ज’ला ‘वाटोळं होणे’. नात म्हणाली, “आजोबा, इंग्रज कुत्र्यांचे एवढे लाड करतात, मग बोलताना त्याला नावं का ठेवतात?” याचं उत्तर कोशात नाही, माझ्याकडेही नाही.

‘डॉग डेज’पाशी मात्र गडबड आहे. अर्थ दिलाय ‘कडक उन्हाळ्याचे दिवस’. आपला वाचक लगेच मे महिना धरणार. मुळात हे जुलै-ऑगस्टचे दिवस. ग्रीक-रोमन लोकांकडे त्या सुमाराला एक ठळक तारा पहाटे सूर्याच्या आधी पुन्हा दिसू लागायचा, तो त्यांच्या शिकाऱ्याचा कुत्रा. आपण त्याच ताऱ्याला व्याध म्हणतो, म्हणजे आपल्याकडे तो स्वतःच शिकारी! आणि जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्यात ऊन कसलं, विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढलं याची चौकशी चालते. एक ओळ जास्त खर्चली असती तर हा घोळ झाला नसता.

‘डॉग्ड’चा उच्चारही एकच दिलाय. पिच्छा पुरवला या अर्थी तो बरोबर, पण चिवट, हट्टी या अर्थी विशेषण असेल तर ‘डॉगिड’ म्हणतात. परीक्षेत तोंडी विचारलं तर पोरगी फसेल.

आता माझ्या धंद्याचं. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, लांब जॉब (तोच तुकडा) दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकदार आधारांमध्ये, धरला की तो फिरवायचा कशानं? जॉबच्या टोकावर एक लोखंडी कडं चढवतात, स्क्रूनं आवळतात, त्याची वाकडी शेपटी फिरत्या प्लेटच्या खाचेत अडकते. कुणी त्याला कॅरियर म्हणतं, कुणी डॉग. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या अंगावरचे जे दात शेजारच्या गिअरमध्ये घुसतात, तेही डॉग. ते घासले की चालत्या गाडीत गिअर सटकतो. लाकडी स्लीपरला रूळ धरून ठेवणारा खिळा डॉग स्पाइक, त्याच्या डोक्याला दोन बाजूंना कान असतात, उपसताना पहार तिथं लावायची. तिघांचं काम एकच: पकडलं की सोडायचं नाही. या कोशात यातलं एकही नाही. मधे मोकळी जागा न सोडता उलट फिरणाऱ्या जिन्याला डॉगलेग्ड म्हणतात, आमच्या सोसायटीत घरोघरी तोच आहे, तोही नाही. पण ‘डॉग कॉलर’, म्हणजे पाद्र्याची पांढरी कॉलर, आहे! दांडिया बाजारात ती कुणाला लागणार?

दहावी-बारावीच्या मुलांना, वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना खुशाल घ्या, पैसे वसूल होतील. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या पोरांनी यावर विसंबू नये, त्यांनी ट्रेडचं पुस्तक शेजारी ठेवावं. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण बारीक टाइपासाठी कापलाय, बाकीचा एक लेथसाठी.