उसवलं-फाटलं शिवायला मशीन: पायाचं घ्यावं की छोटं विजेचं?

ब्लाउज, ड्रेस शिवायला मशीन घेणार असाल तर माझा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही. हे लिहितोय ते घरातलं उसवलेलं जोडायला आणि विरलेलं अजून थोडे दिवस चालवायला मशीन हवंय, त्यांच्यासाठी. माझ्या सुईखालून जातात त्या पॅन्टच्या कडा, पोरांच्या दप्तरांचे बंद, उशांचे अभ्रे आणि शर्टांच्या कॉलरी.

कॉलरीवरूनच माझं शिवणकाम सुरू झालं. शर्ट धडधाकट असतो, फक्त कॉलर दाढीने घासून पांढरी पडलेली असते. ती पट्टीपासून उसवायची, उलटवायची आणि आतली कोरी बाजू वर घेऊन पुन्हा बसवायची. शर्ट आणखी दोन वर्षं आरामात निघतो. टेलरकडे गेलं की ‘साहेब, आता नवीनच घ्या की’ हे ऐकावं लागतं. त्याचंही बरोबर आहे म्हणा. उसवायलाच अर्धा तास जातो, तो एवढ्याशा कामाचे पैसे सांगणार तरी किती?

दोन्ही मशीनं मी वापरलीत. आधी छोटं पांढरं विजेचं, चार वर्षं. मग जुन्या बाजारातून आणलेलं काळं पायमशीन, ते आजही आहे. पांढरं आता मेहुणीकडे असतं आणि ती त्याच्यावर खूश आहे, हेही सांगून टाकतो.

छोट्या मशीनची बाजू आधी मांडतो. ते कपाटात राहतं. दोन खोल्यांच्या घरात हा मुद्दा लहान नाही. पायमशीनला भिंतीलगत हक्काची जागा लागते, आणि चार दिवस वापरलं नाही की त्याच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग बसतो. दुसरं म्हणजे झिगझॅग. टी-शर्ट, लेगिंग, बनियन अशा ताणल्या जाणाऱ्या कापडावर सरळ टाका चालत नाही. कपडा ओढून अंगात घातला की टाके टक् टक् तुटतात. पांढऱ्यावर खटका फिरवला की काम झालं. माझ्या काळ्यावर फक्त सरळ टाका, त्यामुळे बनियनं मी हातानेच शिवतो. काजंही छोट्यावर बरी होतात. तुमच्या घरात निम्मे कपडे होजिअरीचे असतील तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, छोटं घ्या.

आता ते माझ्या घरातून का गेलं ते सांगतो. त्याचा पायाखालचा खटका.

खटका हळूच दाबला तर मोटर नुसती ‘म्म्म’ करते, सुई हलत नाही. अजून जरा दाबला, तरी तेच. अजून एक केसभर दाबला की एकदम सात-आठ टाके धडाधडा पडतात. लांब सरळ शिवणीत हे खपून जातं. पण दुरुस्तीचं काम लांब सरळ शिवणीचं नसतंच. खिशाच्या कोपऱ्यात तीन टाके, कॉलरीच्या टोकाशी दोन टाके, तिथं सुई खाली ठेवून कापड वळवायचं, पुढे पुन्हा चार टाके. नेमक्या त्या जागी हे पुढे उधळायचं. एका निळ्या शर्टाच्या कॉलरीचं टोक मी तीन वेळा उसवलं. तिसऱ्या वेळी सुईच्या भोकांची अशी चाळण झाली की तिथून कापडच फाटलं. जे वाचवायला बसलो होतो ते मशीननेच संपवलं.

चाक हाताने फिरवता येतं की, असं कुणी म्हणेल. येतं. मीही तेच करत होतो. पण मग उजवा हात चाकावर अडकतो आणि कापड एकट्या डाव्या हाताच्या भरवशावर राहतं. शिवाय प्रत्येक कोपरा हातानेच शिवायचा तर मोटरचे पैसे कशाला मोजले?

जीन्सवर हाच त्रास उलट्या बाजूने. खालची कड दुमडली की बाजूच्या जाड शिवणीपाशी कापडाचे आठ-दहा थर जमतात. तिथं मोटर गुरगुरते, सुई अर्ध्यात अडकते, मग मी घाबरून पाय काढतो. महागड्या मशीनमध्ये वेग नीट आवरता येत असेल, मी वापरलेलं नाही. माझं साधंच होतं. कदाचित त्या एका नगातच दोष असेल, पण मेहुणीकडेही ते तसंच उडी मारतं. ती उशांचे अभ्रे शिवते, तिला फरक पडत नाही.

पायमशीनवर पहिले पंधरा दिवस मात्र शिव्या घातल्या. पायडल चुकीच्या वेळी दाबलं की चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो आणि खाली बॉबिनपाशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळापाशी, गुंत्याचा बोळा. म्हणून आधी आठवडाभर दोरा न ओवता, जुन्या वहीच्या रेघांवर नुसती भोकं पाडत बसलो. एकदा पावलाला लय सापडली की मग एक टाका म्हणजे एकच टाका. चाकाला किंचित हात लावून सुरुवात द्यायची, दोन्ही हात कापडावर आणायचे, आणि पाऊल थांबलं की सुई थांबते. जीन्सच्या जाड जागी मी शिवण आधी खलबत्त्यातल्या बत्त्याने ठेचून सपाट करतो, सोळा नंबरची सुई लावतो आणि सावकाश पाय हलवतो. जड चाकाला फिरण्याचा जोर असतोच, सुई कुरकुरत का होईना पार होते.

चादरींचं कामही याच्यावर छान होतं. चादर नेहमी मधोमध विरते, कडा कोऱ्या राहतात. मधून उभी फाडायची, बाहेरच्या दोन्ही कडा मध्ये आणून जोडायच्या, आणि विरलेली बाजू दुमडून नवी किनार करायची. आजीच्या पिढीत लुगड्याला दंड घालायचे ते याच हिशोबाने. मधली शिवण पाठीला टोचू नये म्हणून ती दाबून सपाट शिवावी लागते, म्हणजे अडीच-अडीच मीटरच्या दोन रांगा. एवढी लांब शिवण पायाने मारताना पोटरी भरून येते, हे खरं. पांढऱ्यावर ती दहा मिनिटांत झाली असती.

पायमशीनची कुरकुर म्हणजे चामड्याची वादी. पावसाळ्यात ती सैल पडते, चाक नुसतं सरकतं, मग वादी इंचभर कापून पुन्हा तारेने जोडायची. महिन्यातून एकदा तेल, आणि तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवून बघायचं, नाहीतर पांढऱ्या शर्टावर डाग. रात्री दहानंतर शिवत नाही, खालच्या काकूंना खडखड ऐकू जाते. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये. त्यांना जुन्या मशीनला बाहेरून छोटी मोटर बसवून मिळते, पण मग तो उडी मारणारा खटका पुन्हा घरात आलाच.

गांधीजींचा यंत्रांना केवढा विरोध, पण १९२४ साली बोलताना त्यांनीही सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद केला होता. कॉलर उलटवताना मला ते हमखास आठवतं.

जाहिरातीत दिसतं ते स्टेपलरसारखं हातात धरायचं मशीन घेऊ नका. त्याला बॉबिन नसते, एकाच दोऱ्याची साखळी असते. टोक निसटलं की अख्खी शिवण पोत्याच्या तोंडासारखी सर्रकन उलगडते. हाताने चाक फिरवायचं हातमशीन वाईट नाही, पण त्यात उजवा हात कायमचा चाकावर, म्हणजे माझं दुखणं तेच.

तर जागा असेल, गुडघे धड असतील आणि कपडे मुख्यतः सुती, जीन्स, शर्ट असे असतील, तर मी तरी पायमशीनच म्हणेन. शक्यतो जुनं. विकणारा दोरा ओवून शिवून दाखवायला तयार नसेल तर पुढच्याकडे जा. चाक हाताने सावकाश फिरवा, कुठंही अडायला नको. बॉबिनची केस काढून बघा, गंज असेल तर भाव पाडा. आणि खालचा बिडाचा स्टँड मशीनबरोबरच मिळतोय का, हे आधी विचारा. हल्ली हॉटेलवाले त्या स्टँडवर लाकडी फळी टाकून टेबलं करतात, त्यामुळे स्टँड वेगळा विकण्यात दुकानदाराला जास्त पैसे सुटतात. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाला नुसतं वरचं मशीन मिळालं होतं. ते डोक्यावर घेऊन तो तिथंच, पाय कुठं मिळतील म्हणून विचारत फिरत होता.