सोसायटीच्या श्रमदानाला घेतलेला ग्रास कटर, दोन पावसाळे वापरून

आधीच सांगतो, मी माळी नाही की शेतकरी नाही, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा माणूस आहे. आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी सात ते नऊ श्रमदान चालतं, त्यातल्या आठ-दहा टाळक्यांपैकी मी एक (व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्तेचाळीस जण आहेत, अंगठा सगळेच दाखवतात). पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला चार विंगा, मधे लॉन, आणि मागे कंपाउंडला लागून बिल्डरने तशीच सोडलेली लांबडी पट्टी. पाऊस सुरू झाला की त्या पट्टीत कमरेएवढं माजतं. कापायला बाहेरून माणसं बोलवली तर प्रत्येक वेळी तीन हजार, आणि पावसाळ्यात चार वेळा तरी बोलवावी लागतात, म्हणून मागच्या वर्षी वर्गणी काढून मशीनच घेतलं. 52 सीसी, टू स्ट्रोक, खांद्याला पट्टा लावून चालवायचं. साडेनऊ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे रडगाणं आहे त्यात निम्मी चूक आमचीच आहे.

पहिल्या रविवारी अर्धा तास चालूच होईना. खालचा रबरी फुगा सात-आठ वेळा दाबायचा, चोक लावायचा, दोरी ओढायची, इंजिनाने जरा खोकल्यासारखं केलं की चोक काढायचा आणि परत ओढायची. आम्ही चोक काढतच नव्हतो. मग प्लग ओला झाला, काढून पुसला, तोवर ए विंगच्या काकांनी विळा घेऊन अर्धं लॉन कापूनही टाकलं आणि जाताना फक्त "चालू द्या तुमचं" म्हणाले.

पण एकदा जमलं की मशीन जबरी आहे हे मान्य करायलाच पाहिजे. लॉन, फुटपाथच्या कडा, पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकमधलं गवत, सगळं मिळून पाऊण तासात साफ. लॉन कापायला मशीनच्या टोकाला नायलॉनची दोरी लावा, जाड काड्यांना पातं. दोरी सारखी तुटत असेल तर वापरायच्या आदल्या रात्री पाण्यात भिजत टाका, लवचिक होते, फरक चांगलाच कळतो. पेट्रोलमध्ये टू टी ऑइल (टू स्ट्रोक इंजिनाचं, पेट्रोलमध्येच मिसळायचं तेल) किती ते पुस्तिकेत बघूनच घाला, आमच्या मशीनला लिटरला 40 मिली आहे. आणि उरलेलं पेट्रोल टाकीत ठेवू नका बाबांनो! आम्ही दिवाळीपासून जूनपर्यंत तसंच ठेवलं, कार्बोरेटर चिकटून बसला, साफ करायला सहाशे गेले. आता सीझन संपला की टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो.

आता ज्याचा पश्चात्ताप होतो ते. लॉनच्या कडेला आम्ही हौसेने ताम्हण लावलं होतं, राज्यफूल म्हणून, मुलांनी आळंबिळं करून. दोन वर्षांचं रोप, अंगठ्याएवढं खोड. बुंध्याजवळचं गवत काढायला दोरी जवळ नेली, सेकंदभर लागली असेल, खोडाची साल गोल सोलली गेली. वरून काहीच वाटत नव्हतं, पानं हिरवीगार. दोन महिन्यांत वाळलं. झाड पानात बनवलेलं अन्न खाली मुळांना पोचवतं ते सालीतूनच, ती चहूबाजूंनी गेली की मुळं उपाशी, हे नंतर वाचलं. आता प्रत्येक झाडाभोवती विटांचं कडं केलंय, त्याच्या आत फक्त खुरपं.

दुसरी भानगड गार्डची. गवत अडकतं म्हणून आमच्यातल्या एका शहाण्याने (मीच) प्लॅस्टिकचा गार्ड काढून ठेवला आणि पंधराव्या मिनिटाला खडा उडून बी विंगच्या एका गाडीची मागची काच गेली. अडीच हजार माझ्या खिशातून. पायात चप्पल घालून तर चालवूच नका, आणि चष्मा हवाच.

आणि ज्या मागच्या पट्टीसाठी एवढा खटाटोप केला तिथे मशीन सपशेल फेल. कारण तिथे आहे गाजर गवत. हे आपल्याकडे पहिल्यांदा नजरेत आलं तेच पुण्यात, 1955 च्या सुमाराला, त्यामुळे घरचंच म्हणायचं. कापलं की बुडातून परत फुटतं, उलट बुटकं राहून लवकर फुलतं, आणि एका झाडाला बिया हजारोंनी. पहिल्या वर्षी आम्ही तीनदा कापलं आणि फुलं आल्यावर कापलं, म्हणजे बिया आम्हीच पसरवल्या, वर त्याचा चुरा उडून दोघांच्या हाताला महिनाभर खाज. यंदा मशीन बाजूला ठेवलं आणि पाऊस पडून जमीन मऊ असताना, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटलं. तीन रविवार गेले, कंबर मोडली, पण पट्टी निम्म्याहून मोकळी झाली. मोकळ्या जागेत टाकळ्याचं बी टाकलंय, टाकळा दाट झाला की गाजर गवताला उठू देत नाही, शिवाय कोवळ्या पानांची भाजी होते ती वेगळी. उरलेल्या झाडांवर छोटे पट्टेरी भुंगे दिसले, एक ताई औषध मारायला निघाल्या होत्या, थांबवलं. ते मेक्सिकन भुंगे, 1983-84 मध्ये याच गवतासाठी बाहेरून आणून सोडलेले, पानांची नुसती जाळी करून ठेवतात.

तर लॉन आणि कडांसाठी 5 पैकी 4, गाजर गवतासाठी शून्य. वजन नऊ किलोच्या वर आहे, वीस मिनिटांनी हात थरथरायला लागतात, म्हणून दोघांनी आलटून पालटून चालवा. आवाज भयंकर, आठच्या आधी चालू केलं की सी विंगमधून सेक्रेटरीला फोन जातोच.

दुकानाच्या सर्व्हिसचं विचारत असाल तर स्टार्टरची दोरी तुटली तेव्हा त्यांनी अख्खा सेट बदलायचे साडेचारशे सांगितले. आमच्या नाक्यावरच्या टू व्हीलर मेकॅनिकने नुसती दोरी ओवून दिली, ऐंशी रुपयांत, आणि वर विचारतो, साहेब, हे झाडाजवळ नाही ना चालवत?