कराडला पैसे पाठवण्याचे नऊ महिने: यूपीआय-पेनाऊ जोडणीचा अनुभव

मी सिंगापूरला नोकरीला येऊन सहा वर्षं झाली. आई कराडला एकटीच असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. ताई आणि दाजी साताऱ्याला. आईला दर महिन्याला पैसे पाठवतो आणि गेल्या जुलैपासून ते यूपीआय-पेनाऊ जोडणीतून जातात, म्हणजे भारतातलं यूपीआय आणि सिंगापूरमधलं तसंच पेनाऊ यांना जोडणाऱ्या वाटेने. नऊ महिने झाले, आता ठामपणे काही सांगता येईल असं वाटतं. भारतातल्या भारतात चालणाऱ्या यूपीआयबद्दलही लिहितो, कारण आईकडे पोचलेला पैसा पुढे तिथूनच फिरतो आणि मला सगळ्यात मोठा धडा तिथेच मिळाला.

आधी मी बँकेतून स्विफ्टने पाठवायचो. स्विफ्ट म्हणजे पैसे वाहून नेणारी व्यवस्था असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ते खरं नाही. बँकांनी एकमेकींना निरोप पाठवायचं ते जाळं आहे, १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेल्या संस्थेचं. माझ्या बँकेचं आणि आईच्या बँकेचं एकमेकींकडे खातं नसेल तर मध्ये तिसरी बँक लागते, कधी चौथीही. प्रत्येक जण आपलं कापून घेतो, प्रत्येकाची सुट्टी वेगळी, कामाची वेळ वेगळी. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेले पैसे मंगळवारी दिसायचे, आणि किती दिसतील हे ते दिसेपर्यंत कळायचं नाही.

माझं तेही भागलं असतं, पण एका जून महिन्यात बँकेने आईला शाखेत बोलावलं. परदेशातून पैसे आलेत, कशासाठी आलेत ते लिहून द्या. आई छत्री घेऊन रिक्षाने गेली. संबंधित साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी परत गेली, फॉर्म भरला, 'कुटुंबाच्या निर्वाहासाठी' असं लिहून सही केली. दोन दिवसांनी पैसे जमा झाले. फोनवर ती एवढंच म्हणाली, "अरे, त्यांनी विचारलं मुलगा नक्की काय करतो. माझ्याच मुलाने पाठवलेत, हे मी किती जणांना सांगायचं?" हे वाक्य माझ्या मनात राहिलं. कारण विचारणं नियमाने बरोबरच आहे, परदेशी चलनाच्या प्रत्येक व्यवहाराला कारणाचा कोड लागतोच. पण तो पाठवणाऱ्याकडून आधीच घेता येतो, सत्तरीतल्या बाईला पावसात बोलवावं लागत नाही.

ही जोडणी २१ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास आणि सिंगापूरच्या नाणेविषयक प्राधिकरणाचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, तेव्हाचे प्रमुख रवी मेनन यांनी एकमेकांच्या देशात पैसे पाठवून तिचं उद्घाटन केलं. मी दुसऱ्याच दिवशी बघायला गेलो तर भारतातल्या सहाच बँकांत पैसे घेता येत होते आणि आईची बँक त्यात नव्हती. १७ जुलै २०२५ ला यादी १९ बँकांची झाली. त्यातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत आईचं खातं होतं, वर्षानुवर्षं नुसतं पडून. ताई तिला घेऊन गेली, केवायसी नव्याने केली, मोबाइल नंबर जोडला, खातं चालू झालं. शाखेत जाण्याची ती शेवटची खेप.

पहिल्यांदा फक्त ५० सिंगापूर डॉलर पाठवले. रात्रीचे नऊ वाजले होते, कराडला साडेसहा. आईचा यूपीआय आयडी टाकला आणि स्क्रीनवर तिचं नाव आलं, आडनाव आधी, मग तिचं, मग बाबांचं, बँकेच्या पासबुकावर असतं तसं. बाबा जाऊन चार वर्षं झालीत. ते नाव बघून मी क्षणभर थांबलो. मग किती रुपये पोचतील तो आकडा दिसला. पाठवा म्हटलं. आई व्हिडिओ कॉलवर होती, मी अजून "बघ आला का" म्हणतोय तोवर तिच्या फोनवर मेसेज वाजला. एक मिनिटही गेलं नसेल.

हे एवढ्या लवकर कसं होतं, ते समजून घ्यायला मला वेळ लागला, आणि ते कळल्याशिवाय यावर विश्वास ठेवू नये असं मला वाटतं. भारतात यूपीआयने पैसे पाठवताना ॲप हा नुसता दरवाजा असतो. तुमची विनंती एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, स्विचकडे जाते; स्विच म्हणजे बँकांमधले निरोप इकडून तिकडे देणारी मधली यंत्रणा. स्विच तुमच्या बँकेला विचारतो, ती पिन तपासून खात्यातून रक्कम वजा करते. मग स्विच समोरच्या बँकेला सांगतो, ती तिच्या ग्राहकाच्या खात्यात रक्कम जमा करते, आणि 'झालं' हा निरोप उलट्या वाटेने तुमच्यापर्यंत येतो. हे सगळं काही सेकंदांत. पण त्या सेकंदांत बँकांनी एकमेकींना पैसे दिलेले नसतात. त्यांचा आपसातला हिशेब दिवसातून अनेकदा, बेरीज-वजाबाकी करून, रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर मिटतो. म्हणजे भाजीवाल्याला लगेच मिळतात ते त्याच्या बँकेने पुढच्या हिशेबाच्या भरवशावर दिलेले पैसे.

यूपीआयचा पाया आयएमपीएसचा आहे. ती सेवा २०१० ची, चोवीस तास चालणारी. यूपीआय २०१६ मध्ये तिच्यावर उभं राहिलं आणि खाते क्रमांक, आयएफएससी कोड लक्षात ठेवायची गरज संपली. एनईएफटी, बँकेतून पैसे पाठवायची दुसरी सोय, मात्र आजही तेवढं झटपट नाही. २०१९ च्या डिसेंबरपासून तेही चोवीस तास चालतं, पण अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांनी.

सिंगापूरमध्ये असंच काम पेनाऊ करतं, २०१७ पासून. तिथे मोबाइल नंबर चालतो. जोडणी म्हणजे या दोन घरगुती व्यवस्थांच्या मध्ये टाकलेला पूल. माझ्या खात्यातून डॉलर वजा होतात, आईच्या खात्यात रुपये जमा होतात. माझे डॉलर समुद्र ओलांडत नाहीत. ओलांडतो तो निरोप, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या देशातल्या रोजच्या व्यवस्थेतच राहतात. मधल्या अनोळखी बँकाच नसल्यामुळे कापाकापी नाही, आणि नाव आधी दिसत असल्यामुळे चुकीच्या माणसाला पैसे जायची भीती बरीच कमी.

दराबद्दल सांगतो, कारण यात लोक फसतात. फी कमी आहे म्हणजे स्वस्त आहे असं नाही. डॉलरचे रुपये करतानाचा दर हाच खरा खर्च. मी दोन महिने दर वेळी तपासून पाहिलं: त्याच मिनिटाला, तेवढ्याच डॉलरांचे आईला किती रुपये मिळतील. कधी जोडणीतून जास्त, कधी पैसे पाठवण्याच्या परवानाधारक ॲपमधून. ५०० डॉलरवर फरक कधी ४० रुपये निघाला, कधी २०० च्या जवळ. फी, दर, सवलत हे सगळं बाजूला ठेवून शेवटी पोचणाऱ्या रुपयांचा आकडा तेवढा बघावा. लिटल इंडियात रविवारी पैसे पाठवायच्या काउंटरसमोर रांग लागते, त्या रांगेतल्या तमिळ कामगारांना हे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. काचेवरचे दर वाचून ते या दुकानातून त्या दुकानात जातात.

आता मर्यादा. सुरुवातीला ठरली ती दिवसाला ६०,००० रुपयांची, त्या वेळचे साधारण १,००० सिंगापूर डॉलर. महिन्याच्या खर्चाला पुष्कळ. पण फेब्रुवारीत घराच्या स्लॅबचं गळतीचं काम काढलं, एक लाख ऐंशी हजारांचं. ते मी तीन दिवसांत तीन वेळा पाठवले. जागा घेणं, दवाखान्याचं मोठं बिल असं काही असेल तर या वाटेला जाऊ नका. शिवाय ही वाट एका माणसाने दुसऱ्याला पाठवण्यासाठीच आहे, धंद्याच्या पैशाला नाही.

त्याच स्लॅबच्या कामात घडलेली गोष्ट. मिस्त्रींना १८,००० द्यायचे होते. ते दारात उभे, आईने यूपीआय केलं. खात्यातून रक्कम गेल्याचा मेसेज आला, ॲपवर मात्र 'प्रक्रिया सुरू आहे'. मिस्त्रींच्या फोनवर काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आईला माणूस ताटकळत ठेवण्याची फार लाज वाटते. तिने मला फोन केला आणि मी सांगितलं, "अडकलेत ते, परत येतील. तू पुन्हा पाठव." दुसऱ्यांदा लगेच गेले. संध्याकाळी मिस्त्रींचा फोन: "काकू, पैसं दोनदा आल्यात. एक परत लावून देतो." माणूस सरळ होता म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणाला गेले असते तर आईने कुणाकडे मागायचे होते?

चूक माझी होती, आणि ती कुणी करू नये म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या बँकेने रक्कम वजा केली, पण समोरच्या बँकेचं उत्तर स्विचकडे वेळेत आलं नाही, तर व्यवहार अधांतरी राहतो. तो फसलेला नसतो आणि झालेलाही नसतो. समोरच्या बँकेने कदाचित पैसे जमा केलेलेच असतात, निरोप तेवढा वाटेत राहिलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले असे पैसे जमा झाले नसतील तर पुढच्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आपणहून मिळायला हवी. त्यामुळे 'प्रक्रिया सुरू' असं दिसलं की हात जोडून थांबायचं. बारा आकडी संदर्भ क्रमांकाचा फोटो काढून समोरच्याला पाठवायचा. फारच घाई असेल तर रोख द्यायचे आणि नंतर काय होतं ते बघायचं. मी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केला तेव्हा तिथल्या मुलीने मला 'व्यवहार यशस्वी आहे' एवढंच तीनदा ऐकवलं. अधांतरी म्हणजे काय, हे तिलाही कुणी शिकवलेलं नव्हतं. देशातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा रस्ता हा, आणि त्यावर अडकलेल्या माणसाशी बोलायला तयार केलेला माणूस नाही, याचा मला खरंच राग आला.

अजून एक. पैसे गेले की गेले. ते ओढून परत आणायची सोय यात नाही, म्हणून भामट्यांना ही वाट आवडते. डिसेंबरमध्ये आईला फोन आला, "तुमच्या मुलाने परदेशातून पाठवलेले पैसे अडकलेत, सोडवायला पिन टाका." मुलगा परदेशात असल्याचं त्याला कुठून कळलं, देव जाणे. आईने फोन ठेवला, कारण तिला एक गोष्ट मी पाढ्यासारखी पाठ करून घेतली होती: पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, पिन फक्त देताना. कुणी फसलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, त्यात मिनिटं मोजावीत. आणि नवीन फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले चोवीस तास फक्त ५,००० रुपयेच पाठवता येतात. सप्टेंबरमध्ये आईचा फोन बदलला तेव्हा त्या अटीने ती वैतागली होती, पण तिच्या वयाच्या माणसांसाठी मला ती अट हवीच आहे.

भाऊबीजेला २३ ऑक्टोबरला मी ऑफिसमधून अर्धा तास सुट्टी घेऊन व्हिडिओ कॉल लावला. ताई कराडला आली होती. स्क्रीनला ओवाळलं, आई शेजारी उभी. ओवाळणी मी नेहमी नंतर, जमेल तेव्हा पाठवायचो आणि ताई कधी बोलली नाही. या वेळी तिच्या हातात तबक असतानाच पाठवली. मेसेज वाजला, तिने तबक तसंच धरून डाव्या हाताने फोन उचलून बघितला आणि म्हणाली, "ताटात पडल्यासारखीच आली रे." त्या क्षणासाठी मी या सोयीला पूर्ण गुण देतो.

कुणी वापरावी? सिंगापूरमध्ये राहून घरी दर महिन्याला थोडे थोडे पैसे पाठवणाऱ्याने डोळे मिटून. आधी घरच्यांचं खातं यादीतल्या बँकेत आहे का ते बघा, आणि पहिल्यांदा छोटी रक्कम पाठवा. दुबई, अमेरिका, ब्रिटनमधल्या माझ्या मित्रांना असा थेट पूल अजून नाही. भारत जून २०२४ मध्ये 'नेक्सस' प्रकल्पात सामील झाला. त्यात सिंगापूर, मलेशिया, थायलंड, फिलिपाइन्सच्या झटपट व्यवस्था एकाच सांध्यातून जोडायचं काम चाललंय, म्हणजे दोन-दोन देशांनी वेगवेगळे पूल बांधत बसायला नको.

माझी एकच मागणी राहिली आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात घरी पाठवलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, सगळ्या राज्यांत जास्त. आणि आपल्याकडे गावोगावच्या माणसांची खाती सहकारी बँकांत आहेत. आईचं चाळीस वर्षांचं खातं अशाच बँकेत आहे, तिथे तिला नावाने ओळखतात. जोडणीतल्या त्या १९ बँकांत एकही सहकारी बँक नाही. म्हणून मी पाठवलेले पैसे आधी राष्ट्रीयीकृत बँकेत येतात आणि दर महिन्याच्या दोन तारखेला आई चष्मा लावून, आकडे पुटपुटत, त्यातले निम्मे आपल्या जुन्या खात्यात वळते करते.