डबल आय घेतला, पण ढग कुठून आणू? : १४ महिन्यांच्या वापरानंतर

विमान शिकवायच्या साध्या परवान्यानंतर पुढची सर्टिफिकेटं कोणती घ्यावीत, असं काहींनी विचारलं होतं. मुख्य प्रश्न डबल आयचा, म्हणजे इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडणं) शिकवायच्या सर्टिफिकेटचा. तीन महिन्यांपूर्वी एका रात्री लॉगबुकाची बेरीज करायला बसलो. एकूण १,३४० तास. क्रॉस-कंट्री (लांबची उड्डाणं) झालेलं, पीआयसी (विमानाची जबाबदारी स्वतःवर असतानाचे तास) झालेलं, रात्रीचे तास होत आलेले. इन्स्ट्रुमेंटचा रकाना मात्र ६१ वर अडकलेला. एटीपीला, म्हणजे एअरलाइन पायलटच्या परवान्याला, ७५ लागतात. बेरीज तीनदा केली, कॅल्क्युलेटर बदलून केली. ६१ च.

वर्षभर रोज लोकांना इन्स्ट्रुमेंट शिकवणाऱ्या माणसाच्याच लॉगबुकात इन्स्ट्रुमेंटचे तास कमी! त्याच रागात हे लिहायला घेतलं. पुढे मत थोडं बदललं आहे, पण आधी राग.

मी अमेरिकेत फिनिक्समध्ये एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतो. आयटीतली नोकरी सोडून चाळिशीच्या उंबरठ्यावर या फंदात पडलो, त्यामुळे प्रत्येक डॉलरचा हिशोब वहीत आहे. सीएफआय (विमान शिकवायचा पहिला परवाना) घेण्यात पर्याय नव्हता. २५०-३०० तासांच्या माणसाला इथे एअरलाइनसाठी लागणाऱ्या १,५०० पर्यंत पोचायला दुसरी कुठली वाट परवडते? (२००९ च्या बफेलोच्या अपघातानंतर हा नियम आला, २०१३ मध्ये लागू झाला. त्या विमानातल्या दोन्ही पायलटांकडे १,५०० हून जास्त तास होते, पण तो वेगळा विषय.) प्रश्न त्याच्या पुढच्यांचा आहे: डबल आय, एमईआय (दोन इंजिनांचं विमान शिकवायला) आणि ग्राउंड इन्स्ट्रक्टरची (जमिनीवर, वर्गात शिकवायला) दोन. ही चारही मी एकामागून एक घेतली, कारण शाळेतले सिनियर म्हणायचे, "एअरलाइनवाल्यांना आवडतं."

डबल आयला मला सगळं धरून ३,१०० डॉलर लागले. मनातलं गणित सोपं होतं: विद्यार्थी हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवरची झापड) घालून उडणार, मी शेजारी बसणार, दोघांचा रकाना भरणार. तसं होत नाही. हूडखाली विद्यार्थी असतो, त्यामुळे इन्स्ट्रुमेंटचा वेळ त्याचा. मी खिडकीबाहेर बघत असतो, म्हणून मला फक्त पीआयसी आणि शिकवल्याचे तास. शिकवणाऱ्याला इन्स्ट्रुमेंटचा वेळ लिहायचा तर विमान खरोखरच ढगात असावं लागतं. नियमात हे स्वच्छ लिहिलंय, चूक माझी. पण फिनिक्समध्ये ढग?

इथे पावसाळा आहे, त्याला लोक मॉन्सूनच म्हणतात, ऐकून मला पहिल्यांदा घरची आठवण आली होती. त्यातले ढग म्हणजे गडगडाटी वादळं नाहीतर धुळीची भिंत. सेसना १७२ घेऊन त्यात शिरायचं नसतं, त्यापासून पळायचं असतं. हिवाळ्यात चार-दोन दिवस चांगला सपाट थर येतो, तर उत्तरेकडे डोंगरावर त्यात बर्फ धरतो आणि १७२ ला ते चालत नाही. १४ महिन्यांत मला खऱ्या ढगात मिळालेला वेळ: २.४ तास. ओळखीतला एकजण सॅन डिएगोजवळ शिकवतो, त्याच्याकडे समुद्रावरून सकाळी ढगांचा थर येतो आणि तो न्याहारीआधी एक तास लिहून मोकळा होतो. मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

मग १४ तास विकत घेतले. शाळेतलाच एक इन्स्ट्रक्टर, त्यालाही तेवढेच कमी. रात्री विद्यार्थी गेले की आम्ही दोघं १६५ डॉलर तासाचं विमान घ्यायचो. मी हूडखाली, तो राखणीला. मग तो हूडखाली, मी राखणीला. प्रत्येकी २,३१० डॉलर. दिवसभर पगारावर इन्स्ट्रुमेंट शिकवायचं आणि रात्री तो पगार देऊन स्वतः हूड घालायचं. बायको म्हणाली, "अरे, एवढ्यात पुण्याचं येणं-जाणं झालं असतं." दोघांचं झालं असतं, ते मी बोललो नाही.

इथवर राग. तेव्हा डबल आयला पाचपैकी दीड दिला होता.

आता एमईआय. यात जास्त लिहायला मन होत नाही, तरी लिहितो, कारण खरा धडा इथे आहे. सेमिनोल (दोन इंजिनांचं शिकाऊ विमान) महाग, एक्झामिनर महाग, आणि मी पहिल्या खेपेला नापास झालो. विमान नीट उडवलं होतं. इंजिन बंद पडल्याचा सराव करताना हात चालले, पण तोंड बंद पडलं. ही परीक्षा शिकवण्याची असते. करताकरता बोलायचंही असतं. आठ दिवसांनी परत दिली, पास झालो, एकूण ५,४०० डॉलर. नंतर कळलं की ज्या दोन-इंजिनी तासांसाठी मी हे केलं त्यांची गरजच नव्हती. एटीपीला लागणाऱ्या अशा ५० तासांपैकी २५ पर्यंत मोठ्या सिम्युलेटरमधले धरतात, म्हणून बऱ्याच प्रादेशिक कंपन्या खऱ्या विमानातले २५ बघतात, आणि तेवढे माझ्याकडे कमर्शियल परवान्याच्या वेळचेच होते. शिवाय शाळेत दोन इंजिनांचे विद्यार्थी मोजके, ते सिनियर इन्स्ट्रक्टर आपसांत वाटून घेतात. वर्षभरात माझ्या वाट्याला आले १९ तास.

नापास झाल्याची नोंद कायमची. एअरलाइनच्या अर्जात विचारतात आणि नोंदी त्यांना दिसतात, लपवायचा प्रश्नच नाही. घेतलाच नसता तर नापासही झालो नसतो. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात.

ग्राउंड इन्स्ट्रक्टरची दोन कार्डं मात्र मी गमतीत घेतली आणि तीच सगळ्यात स्वस्त-मस्त निघाली. चेकराइड (विमानातली प्रत्यक्ष परीक्षा) नाही, एक्झामिनर नाही, नापासाची भीती जवळजवळ नाही. अभ्यास सीएफआय आणि डबल आयच्या लेखी परीक्षांचाच, त्याच आठवड्यात बसलात तर नवीन काही वाचावं लागत नाही. १७५ डॉलर एकेकाची फी. एअरलाइनला याचं सोयरसुतक नाही. पण माझे दहातले नऊ विद्यार्थी पहिल्या फटक्यात पास झाले तेव्हा याच कार्डाच्या जोरावर सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का मिळाला. आईला फोटो पाठवला. तिला वाटलं नोकरी लागली.

आता मत का बदललं ते.

१,५०० झाल्यावर एका प्रादेशिक एअरलाइनने मुलाखतीला बोलावलं. समोर दोघं. चार सर्टिफिकेटं घेतली म्हणून कोणी पाठ थोपटली नाही. सोनेरी शिक्क्याकडे नजरही गेली नाही. एमईआयवर पहिला प्रश्न आला तो नापासावरच: काय झालं, त्यातून काय शिकलात. दहा-बारा मिनिटं तिथेच गेली. मी जे झालं तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं.

मग एकाने अ‍ॅप्रोचचा चार्ट (ढगातून धावपट्टीकडे उतरायचा नकाशा) पुढे सरकवला. ब्रीफ करा म्हणाला. मध्येच होल्ड (हवेतच घिरट्या घालत थांबायचा आदेश) दिला, कसा शिराल? रेडिओ गेला तर? वारा फिरला तर किमान उंची कोणती? आणि माझं तोंड सुरू झालं ते थांबेना. हेच मी वर्षभर, दिवसातून दोन-तीनदा, घामाघूम झालेल्या पोरांना सांगत आलो होतो. ४४ अंशांत, कॉकपिटमध्ये एसी नसताना. चार्ट बघायचीही फारशी गरज पडली नाही. शेवटी तो हसून म्हणाला, "तुम्ही डबल आय आहात हे कळतंय."

तर दीडचे साडेतीन केले. अर्धा अजून कापून ठेवलाय, २,३१० डॉलरचा.

ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: एकच घ्यायचा तर डबल आय घ्या, पण शिकवून रकाना भरेल या आशेवर राहू नका, आपलं गाव ढगाळ आहे का ते आधी बघा. ग्राउंडची दोन्ही, जाताजाता. एमईआय तेव्हाच, जेव्हा तुमच्या शाळेत दोन इंजिनांचे विद्यार्थी रांगेत उभे असतील आणि ते तुम्हाला देऊ असं शाळा लेखी देईल. गोंदियात शिकून आलेल्या भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तिकडे २०० तासांवर सीपीएल (कमर्शियल परवाना) होतं आणि एअरलाइनला अर्जही करता येतो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही १,५०० तास दुसऱ्यांना शिकवत बसलात?" तो स्वतः टाइप रेटिंग (एका ठरावीक मोठ्या विमानाचं प्रशिक्षण) करून आठ महिने घरी बसलाय, म्हणून मी काही बोललो नाही.

एअरलाइनचं होकाराचं पत्र आलंय, बॅच कधी ते अजून कळवलेलं नाही. आणि काल शाळेतून फोन: दोन सिनियर इन्स्ट्रक्टर एकदम गेले, दोन इंजिनांचे सगळे विद्यार्थी आता तुमच्याकडे. उद्या सकाळी सहाला सेमिनोल.