‘सीलबंद आहे साहेब, सर्व्हरचा माल आहे’: 86,000 रुपयांचा चुना

16 टीबीच्या चार हार्ड डिस्क, प्रत्येकी 21,500 रुपये, एकूण 86,000. त्यातले 13,118 रुपये 64 पैसे जीएसटीचे. म्हणजे सरकारचा वाटा सरकारला वेळेवर पोचला. फसलो तो फक्त मी.

घरी नॅस, म्हणजे सगळ्या फायली एकत्र ठेवायचा छोटा सर्व्हर, बसवायचा होता. बोर्ड आणि ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम दुसरीकडून घेतली, त्याबद्दल तक्रार नाही. डिस्क मात्र चोवीस तास चालणाऱ्या, पाच वर्षं वॉरंटीच्या आणि कोऱ्याच हव्यात हे आधीच ठरवलं होतं. जुन्याच घ्यायच्या असत्या तर एवढे पैसे कशाला मोजले असते? आणि मी काही नवखा नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पेंटियमच्या काळापासून जातोय. कुठल्या दुकानात काय चालतं याची थोडीफार जाण आहे, असं वाटायचं.

दुकानदाराने चार एक्झॉस, म्हणजे सीगेट कंपनीच्या सर्व्हरसाठीच्या डिस्क, काउंटरवर ठेवल्या. डबा नाही, नुसती चंदेरी पिशवी. “सर्व्हरचा माल ट्रेमध्येच येतो साहेब, डबा कुठला?” हे खरंही आहे, आणि म्हणूनच पचलं. पण एक पिशवी उघडून डिस्क हातात घेतली तेव्हा केबल जोडायच्या साटा कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक उभे ओरखडे दिसले होते. स्क्रूच्या भोकांभोवती रंग उडून चकचकीत कडं पडलं होतं. कोऱ्या डिस्कला स्क्रू कोण लावतं? मी विचारलं. तो म्हणाला, “टेस्टिंग केलंय, तुमच्याच भल्यासाठी.” मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती, मी यूपीआय केलं. ते कडं आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

बिलावर लिहिलं होतं ‘एचडीडी 16 टीबी, 4 नग’. सीरियल नंबर नाहीत. सीरियल नंबरशिवाय बिल घेऊच नका, दुकानदार कितीही कटकट करो.

घरी येऊन स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती वापराची नोंद, तपासलं तर चालू तास 9. टेस्टिंगचे असतील म्हटलं. आणखी काय तपासायचं माणसाने? काही आठवड्यांतच एका डिस्कवर खराब सेक्टर वाढायला लागले, झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या स्क्रबमध्ये, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासताना, एररची रांग लागली. तेव्हा शोधलं तर कळलं, जानेवारी 2025 मध्ये जर्मनीत हाइझ या टेक बातम्यांच्या साइटने हेच प्रकरण उघड केलं होतं: वापरलेल्या एक्झॉस, स्मार्टचे आकडे पुसून नव्या म्हणून विकलेल्या. चिया या डिस्कवर चालणाऱ्या क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमधून निघालेल्या असाव्यात असा तिथे संशय होता. किलोमीटर मागे फिरवून गाडी विकतात, तोच धंदा. फक्त सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, ती या लोकांनी पुसलेली नव्हती. स्मार्टमॉनटूल्स या मोफत प्रोग्रामची 7.4 किंवा पुढची आवृत्ती असेल तर त्यातल्या स्मार्टसीटीएल कमांडने ती वाचता येते. माझ्या पहिल्या डिस्कवर आकडा आला 22,418 तास. अडीच वर्षांहून जास्त! बाकीच्या तिन्ही त्याच माळेतल्या. सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकला तर उत्तर आलं की ही डिस्क सिस्टिम बनवणाऱ्याला विकलेली आहे, वॉरंटी त्याच्याकडे मागा. हे पान दुकानात उभं राहून मोबाइलवर दोन मिनिटांत उघडतं, पैसे देण्याआधी.

मग पोलीस. आमच्या पोलीस ठाण्यात हवालदारसाहेबांनी विचारलं, “डिस्क चालते का?” चालते. “बिल आहे?” आहे. “मग फसवणूक कसली?” जुनं 420, आताचं न्याय संहितेचं कलम 318, मीच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, दुकान ज्या हद्दीत आहे तिथे जा. तिथले म्हणाले, हा सायबरचा विषय. सायबरवाले म्हणाले, पैसे काउंटरवर उभं राहून दिलेत, यात ऑनलाइन काय? आणि शेवटी सगळ्यांचं आवडतं वाक्य: “हा सिव्हिल मॅटर आहे.” कर घेताना नग मोजता, हद्द विचारत नाही. तक्रार घ्यायची म्हटली की नकाशा काढून बसता. माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, पोच मात्र एकानेही दिली नाही. एका साहेबांनी तर उलट मलाच सुनावलं, एवढं कळतं तर घेतलं कशाला!

अशा प्रकरणात ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा जिल्हा ग्राहक आयोग बरा. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पिशव्या फेकू नका, फार्मचा स्क्रीनशॉट तारखेसह काढा, आणि दुकानदाराशी जे बोलाल ते लेखी बोला.

मी व्हॉट्सॲपवर बोललो. पैसे परत मागितले तर त्याचं उत्तर आलं, “22 हजार तास चाललेल्या डिस्कला बाजारात 8,000 च्या वर कोण देतं? चारचे 32,000 देतो, घेऊन या.” विकताना कोऱ्या, परत घेताना 22 हजार तासांच्या. तो मेसेज आता तक्रारीला परिशिष्ट म्हणून जोडलाय.