दीड वर्षाची डिझेल पिकअप एक्स्चेंजला द्यावी का? आमचा हिशोब

आमची डिझेल पिकअप डिसेंबर २०२४ मधली, एक टन तीनशे किलो क्षमतेची. भाऊजी, म्हणजे माझे दीर, ती चालवतात आणि हिशोब माझ्याकडे असतो. माल आमचा आणि वस्तीवरच्या चारपाच शेतकऱ्यांचा. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, कधी भाव बघून माळशेज घाटाने वाशीला.

मध्यंतरी तालुक्यात एका शोरूमने एक्स्चेंज मेळावा भरवला. जुनी द्या, एक टन सातशेची न्या, हप्ता थोडासाच वाढेल, असं सांगणं होतं. भाऊजींना ती मोठी गाडी मनापासून आवडली. "वहिनी, हंगामात एक खेप वाचेल," म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नाही. भरलेला क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासकट २२ किलो धरला तर आमच्या गाडीत ५९ क्रेट बसतात, मोठीत ७७. प्रत्येक खेपेला १८ क्रेट जास्त. जास्त भरून नेणारे खूप आहेत, पण घाट उतरताना ब्रेकवर काय ताण येतो हे भाऊजींनी पाहिलंय, म्हणून आम्ही कागदावरच्या वजनाच्या वर जात नाही.

आता शोरूमचा आकडा. जुन्या गाडीचे ६ लाख २५ हजार आणि वर ३० हजार एक्स्चेंज बोनस. बोनस हा शब्द ऐकून घरात सगळे खूश. मी भाऊजींना म्हटलं, आधी चाकणला जुन्या गाड्या घेणाऱ्याकडे दाखवून या. तिथे कसलाही बोनस न धरता ६ लाख ८० हजार सांगितले. बोनस धरूनही शोरूमचा भाव २५ हजारांनी कमीच होता. म्हणून माझं पहिलं सांगणं: जुन्या गाडीची किंमत, नव्या गाडीवरची सूट आणि कर्जाची बाकी हे तीन आकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहून मागा. विक्रेता तिन्ही मिळून एकच रक्कम सांगत असेल तर तिथे सही करू नका.

कर्जाची बाकी हा खरा कळीचा आकडा. आम्ही ८ लाख कर्ज काढलं होतं, १० टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता साधारण १७ हजार. अठरा हप्ते भरून झाले, म्हणजे तीन लाखांच्या वर पैसे गेले. तरी बाकी ६ लाखच, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. मुदतीआधी कर्ज बंद करायला ४ टक्के आकार आणि त्यावर जीएसटी, मिळून २८ हजार. शोरूमच्या ६ लाख ५५ हजारांतून हे सगळं वजा केलं की हातात सव्वीस-सत्तावीस हजार राहतात. दीड वर्ष हप्ते भरून एवढंच! नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ११ लाख ४० हजारांची. म्हणजे जवळजवळ सगळी गाडी कर्जावर, हप्ता तेवीस-चोवीस हजार, आणि उरलेल्या ४२ हप्त्यांच्या जागी पुन्हा ६०.

महिन्याला साडेसहा हजारांच्या वर वाढ. जवळच्या खेपेला आम्हाला क्रेटमागे १५ रुपये भाडं मिळतं. वाढीव १८ क्रेटचे झाले २७०. नुसता वाढलेला हप्ता फेडायला महिन्याला चोवीस-पंचवीस खेपा गच्च भरून जायला हव्यात, डिझेल वेगळं. ऐन हंगामात जातील. हंगाम संपल्यावर वस्तीवर भरायला तेवढा मालच नसतो, हप्ता मात्र असतो. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात टोमॅटोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता. तसे दिवस मनात धरून गाडी ठरवू नये, असं मी घरात स्पष्ट सांगितलं.

आणखी एक गोष्ट विक्रेता आपणहून बोलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आमच्यासारखी साडेनऊ लाखांची गाडी कराच्या हिशोबाने पावणेनऊच्या आसपास आली. त्याआधी घेतलेल्या प्रत्येक गाडीची जुन्या बाजारातली किंमत त्यामुळे खाली सरकली. व्यापारी असाल आणि कराची वजावट मिळाली असेल तर निराळं. शेतकऱ्याला ती मिळत नाही. हा तोटा होऊन गेलाय, पण आज गाडी विकली की तो रोख मोजावा लागतो. चालवत राहिलं तर वर्षागणिक त्याचं ओझं हलकं होतं.

हौद्याला वरून लावून घेतलेली जाळी, ताडपत्रीच्या कड्या, मागच्या स्प्रिंगला वाढवलेला एकेक पाटा, यांचे शोरूमने शून्य रुपये धरले. नव्या गाडीला ते सगळं पुन्हा करायचं. विमा आणि नोंदणीचा करही पुन्हा.

गाडी बदलायची म्हणायला भाऊजींकडे खरं कारण होतं ते डॅशबोर्डवर लागणाऱ्या पिवळ्या दिव्याचं. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या, डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो काजळी अडवतो आणि ठरावीक काजळी साठली की सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळतो. त्यासाठी इंजिन सलग आणि गरम चालावं लागतं. वस्तीवरून बाजार, बाजारातून वस्ती, मध्ये रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहणं, अशात ते जाळणं पुरं होत नाही आणि दिवा लागतो. यावर नवी डिझेल गाडी हा उपाय नाहीच, तिलाही डीपीएफ आहे. आता भाऊजी अधूनमधून पुणे-नाशिक हायवेला गाडी सलग पळवतात, जाळणं चालू असताना मध्येच बंद करत नाहीत आणि तेव्हा पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करत नाहीत, कारण खालची नळी गवत पेट घेईल इतकी तापलेली असते. ऑइल कमी राखेचंच, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं. दिवा त्यानंतर लागलेला नाही.

गाडी म्हणून मी तिला पाचपैकी चार देईन. घाटात भरलेली असताना दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढते, शेताच्या चिखलात अडत नाही. मालासकट एकूण वजन तीन टनांच्या आत असल्याने माल वाहतुकीच्या परमिटची भानगड नाही. मोठी घेतली तर तीन टनांच्या वर जाते, हेही विक्रेत्याने आम्ही विचारल्यावरच सांगितलं. एक गुण कापला तो केबिनच्या उकाड्यासाठी. मे महिन्यात भाऊजी घामाने निथळून येतात. एक्स्चेंजच्या त्या सेवेला मात्र दोनच. माणसं नम्र होती, चहापाणी नीट झालं, पण एकही आकडा मागितल्याशिवाय कागदावर आला नाही.

ज्यांचं कर्ज फिटलंय आणि ज्यांची गाडी बारा महिने रोज वाशीला जाते, त्यांनी मोठी जरूर घ्यावी, फक्त जुनी बाहेर विकून. विकताना गाडी नावावर करून देण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणून निर्धास्त राहू नका. आरसी बुकावर घेणाऱ्याचं नाव चढेपर्यंत अपघाताची जबाबदारी तुमच्याकडे येऊ शकते. आमची गाडी डिसेंबरमध्ये पहिल्या पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, जाईल. तोवर भाऊजींसाठी केबिनच्या टपाला आतून उष्णतारोधक अस्तर लावून घेतेय.